दाण्याचा कस आणि जनुकांची दुरुस्ती

मका विक्रीस नेणाऱ्या शेतकऱ्यास व्यापारी दोनच गोष्टी विचारतो : माल किती आहे आणि ओल किती आहे. मूठभर दाणे हातात घेऊन तो रंग पाहतो, बुरशीचा वास येतो की काय हे हुंगतो आणि भाव सांगून मोकळा होतो. त्या दाण्यातील प्रथिने कोणत्या प्रतीची आहेत, त्यातील स्फुरद कोंबडीच्या अंगी लागेल की विष्ठेवाटे उकिरड्यावर जाईल, हे त्याने विचारल्याचे कोणी ऐकले नसेल. विचारले तरी त्याचे उत्तर देण्याचे साधन शेतकऱ्यापाशी नाही. अशा या बाजारात, जनुकांची दुरुस्ती करून अधिक कसाचे खाद्यधान्य निर्माण करता येईल, ही वार्ता आता येऊन पोहोचली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याने व पशुपालकाने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयीचे आमचे मत येथे मांडावयाचे आहे.

या वार्तेला निमित्त झाले ते भाताचे. मे २०२५ मध्ये आपल्या देशात जनुक-संपादनाने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर झाले. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने ‘सांबा मसुरी’ या जुन्या वाणात दुरुस्ती करून ‘डी.आर.आर. धान १००’ अर्थात ‘कमला’ हा वाण दिला, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘एम.टी.यू. १०१०’ या वाणावरून ‘पुसा डी.एस.टी. राईस १’ तयार केला. तेव्हापासून गावोगावच्या सभांतून एक प्रश्न हटकून येतो : “साहेब, हे बीटीच नव्हे काय?” आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : “भातात झाले, तर आमच्या मक्यात कधी?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांची उत्तरे एका दमात देता येत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. प्रत्येक पेशीत त्या पिकाचा कुळाचार जणू अक्षरांनी लिहून ठेवलेला असतो. उंची किती, दाणा कठीण की मऊ, फुलोरा केव्हा, या सर्व गोष्टी त्या लेखात असतात. त्यातील एकेक वाक्य म्हणजे एकेक जनुक असे समजावे. बीटी कपाशीत मातीतील एका जिवाणूच्या लेखातील वाक्य उचलून कपाशीच्या लेखात बसविले होते, आणि ती कपाशी २००२ पासून आपल्या शेतात आहे. जनुक-संपादनाच्या ज्या प्रकाराविषयी आज आपण बोलत आहोत, त्यात बाहेरचे वाक्य बसविले जात नाही. पिकाच्या स्वतःच्या लेखातील नेमके एक अक्षर बदलले जाते, किंवा एखादे वाक्य बंद पाडले जाते. छापखान्यात खिळे जुळविणारा मनुष्य मुद्रित तपासून चुकीचा एकच खिळा काढतो व बाकीचे पान तसेच ठेवतो, तसे हे काम आहे. ‘क्रिस्पर’ या नावाची जी जैविक कात्री यासाठी वापरतात, ती २०१२ मध्ये पुढे आली आणि तिच्या शोधाबद्दल एमान्युएल शार्पांतिए व जेनिफर डाऊडना या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कापण्याचे काम झाल्यावर ती कात्री पुढच्या पिढीत निवडीने काढून टाकता येते. अंतिम रोपात परके जनुक उरलेले नसेल, तर अशा वाणांना जनुकांतरित पिकांच्या कडक नियमांतील काही कलमांतून केंद्र शासनाने मार्च २०२२ मध्ये सूट दिली. थोडक्यात, हे बीटी नव्हे; परंतु नवे आहे, आणि नव्या गोष्टीची पारख करूनच ती शेतात घ्यावी, हा आपला जुना रिवाज येथेही लागू आहे.

दुसरा प्रश्न अवघड आहे. जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यासाठी संपादित केलेला मक्याचा वा ज्वारीचा वाण आपल्या शेतकऱ्याच्या हाती अद्याप आलेला नाही. तो येण्यापूर्वीच त्याविषयी बोलावयाचे कारण असे की, दाण्याचा कस वाढविण्याचा खटाटोप जनुक-संपादनाहून पुष्कळ जुना आहे, आणि त्यात आपण एकदा चांगलाच धडा घेतलेला आहे.

मक्याच्या दाण्यात प्रथिने शेकडा ८ ते १० असतात. परंतु त्या प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन हे दोन आवश्यक घटक फार कमी. माणूस, कोंबडी व डुक्कर यांना हे घटक स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. म्हणून केवळ मका खाणारी कोंबडी पोट भरूनही अशक्त राहते. १९६४ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मर्ट्झ, बेट्स व नेल्सन यांना असे आढळले की, ‘ओपेक-२’ हे जनुक ज्या मक्यात बिघडलेले आहे, त्या मक्यात लायसिन जवळजवळ दुप्पट असते. जगभर आनंद झाला. आपल्याकडेही १९७१ मध्ये ‘शक्ती’, ‘रतन’ व ‘प्रोटिना’ असे तीन वाण त्या जनुकाच्या आधारे प्रसारित करण्यात आले. नावे मोठी होती, अपेक्षा त्याहून मोठ्या होत्या. मात्र हे वाण शेतात टिकले नाहीत. दाणा खडूसारखा मऊ व निस्तेज, वजनास हलका, कणगीत ठेवला की सोंडे लवकर लागत, उत्पन्नही कमी. शेतकऱ्याने तो मका एकदा पेरून सोडून दिला, यात त्याचे अज्ञान नव्हते. त्याने कणगी पाहून निर्णय घेतला आणि तो बरोबर होता.

ही उणीव दूर करण्यास पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात सुरिंदर वासल हे भारतीय पैदासकार व एव्हांजेलिना व्हियेगास या रसायनशास्त्रज्ञ बाई यांनी मऊ दाणा पुन्हा कठीण करणारी इतर जनुके पिढ्यान्‌पिढ्या निवडून एकत्र आणली. त्यांना या कामासाठी २००० चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. त्या सामग्रीवरून आपल्या देशातही काम झाले : अल्मोड्याचा ‘विवेक क्यू.पी.एम. ९’ हा संकर २००८ मध्ये आला, आणि दिल्लीच्या संस्थेने २०१७ मध्ये दिलेल्या संकरांपैकी ‘पुसा एच.एम. ८ सुधारित’ याची शिफारस महाराष्ट्रासह दक्षिणेकडील राज्यांसाठी आहे. यांपैकी कोणत्याही वाणात जनुक-संपादन नाही. साधा संकर व जनुकांच्या खुणा पाहून केलेली निवड एवढेच. हे मुद्दाम सांगतो, कारण अधिक कसाचा मका हवा असेल तर कात्रीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तो मका आजही आहे. तरीही आपल्या तालुक्यांत तो किती जणांनी पाहिला आहे, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आता स्फुरदाची गोष्ट. मक्याच्या दाण्यातील सुमारे तीन-चतुर्थांश स्फुरद ‘फायटेट’ या रूपात बांधलेला असतो. ही गाठ सोडविणारे पाचक द्रव्य कोंबडीपाशी पुरेसे नसते. त्यामुळे दाण्यात स्फुरद असूनही खाद्यात तो वरून घालावा लागतो, आणि न पचलेला स्फुरद विष्ठेवाटे जमिनीत व ओढ्यानाल्यांत जातो. फायटेट जस्त व लोह यांनाही धरून ठेवते. फायटेट तयार करणारे जनुक बंद पाडले तर ही गाठ सैल होते, हे १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत नैसर्गिक व कृत्रिम उत्परिवर्तनांवरून दिसून आले. २००९ मध्ये ‘झिंक फिंगर’ या जुन्या पद्धतीच्या कात्रीने मक्यातील असे एक जनुक नेमके तोडून दाखविण्यात आले. मात्र त्या प्रयोगात त्याच जागी तणनाशक सहन करणारे जनुकही बसविले होते, हे विसरू नये. आपल्याकडे ‘पी.एम.एच. १’ या संकराचे कमी फायटेटचे रूपही तयार झाले आहे, तेही साध्या संकर-निवडीने. त्याची शिफारस उत्तरेकडील मैदानी भागासाठी आहे.

परंतु येथेही तोच धडा. फायटेट हा बियाण्याने आपल्या अंकुरासाठी साठविलेला स्फुरद आहे. तो कमी केलेल्या अनेक जुन्या वाणांत उगवण कमी झाली, उत्पन्न घटले. ओपेक-२ मध्ये जी प्रथिने कमी झाली, तीच दाण्यास कठीणपणा देणारी होती. ज्वारीतही हेच दिसेल. २०१८ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांनी क्रिस्परने ज्वारीतील ‘काफिरिन’ प्रथिनांच्या जनुक-कुटुंबात बदल केले. प्रथिने अधिक पचू लागली व लायसिनही वाढले. वार्ता उत्तम आहे. परंतु मऊ दाण्याची खरिपाची ज्वारी परतीच्या पावसात सापडली तर तिचे काय होते, हे ज्याने काळवंडलेली कणसे खुडली आहेत त्याला सांगावयास नको. धान्याचा जो गुण आपणांस उणीव वाटतो, तो पुष्कळदा त्या दाण्याचा स्वसंरक्षणाचा किंवा वंश चालविण्याचा गुण असतो. कात्री कितीही नेमकी असली तरी ही देवघेव ती टाळू शकत नाही. ती किती महाग पडते हे प्रयोगशाळेत कळत नाही. उगवणीच्या वाफ्यात, पावसात उभ्या पिकात आणि सहा महिन्यांच्या साठवणीत कळते.

म्हणून आमचे पहिले मागणे असे की, असा वाण येवो तेव्हा येवो, पण त्याची पारख कोल्हापूरच्या पावसात व्हावी. ही मागणी अवास्तव नाही. शेंडा पार्क येथील कृषी संशोधन केंद्र अखिल भारतीय मका सुधार प्रकल्पाच्या केंद्रांपैकी एक आहे. हा प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला व त्यानंतर देशातील इतर पिकांचे समन्वित प्रकल्प त्याच्या धर्तीवर निघाले. ‘पंचगंगा’, ‘करवीर’, ‘राजर्षी’ ही मक्याच्या वाणांची नावेच आपला गाव सांगतात. जनुक-संपादनाचा खरा लाभ येथेच आहे. जुन्या पद्धतीने एक गुण आणावयाचा तर दुसऱ्या वाणाशी संकर करून पुन्हा सहा-सात पिढ्या मूळ वाणाशी संकर करीत बसावे लागते, आणि तरीही काही नकोसे सोबत येते. कात्रीने मात्र, सांबा मसुरीची सांबा मसुरी राहते व एकच अक्षर बदलते. आपल्या हवामानात मुरलेल्या वाणातच दुरुस्ती करता आली, तर शेतकऱ्यास ओळखीचे पीक सोडावे लागणार नाही. अडचणीही आहेत. मक्याचे सर्वच वाण प्रयोगशाळेतील ऊतिसंवर्धनास सारखे जुळत नाहीत. आणि हे गुण बहुधा अप्रभावी असल्यामुळे संकराच्या आई व बाप या दोन्ही वाणांत दुरुस्ती करावी लागते. हे काम सार्वजनिक संस्थांनी करावे. ते सर्वस्वी कंपन्यांवर सोडल्यास, ज्या वाणाचे बी मोठ्या मुलुखात खपेल त्याचीच दुरुस्ती होईल, करवीर तालुक्यापुरत्या वाणाची होणार नाही.

आता कोणाच्या गोठ्यास याचा उपयोग, हे नीट समजून घ्यावे. कारण येथे गैरसमज होण्याचा संभव फार. आपला जिल्हा म्हशींचा. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने, ज्याला आपण सर्वजण गोकुळ म्हणतो, घरोघरीच्या दोन-चार जनावरांना बाजाराशी जोडले. साहजिकच आपला शेतकरी विचारतो की, लायसिन जास्त असलेल्या मक्याचा भरडा घातला तर दूध वाढेल काय? उत्तर असे की, त्यावर फार आशा ठेवू नये. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात. खाद्यातील प्रथिनांचा बराच भाग ते मोडतात आणि त्यातून आपल्या शरीराची प्रथिने नव्याने बांधतात. पुढे जनावर ती पचविते. फायटेटची गाठही हेच जीव सोडवितात. म्हणजे ज्या दोन उणिवांसाठी कात्री चालवावयाची, त्या म्हशीपुरत्या बव्हंशी निसर्गानेच भागविल्या आहेत. म्हशीला हवी ती पुरेशी हिरवी वैरण, कडब्याची कुट्टी, पेंड, खनिज मिश्रण व स्वच्छ पाणी. उसाचे वाढे हे आपल्याकडे गळीत हंगामात सर्वांत सोपे पडते, पण त्यावर निभावलेला गोठा मक्याच्या दाण्याने सुधारणार नाही. चाऱ्यासाठी ‘आफ्रिकन टॉल’ मका पेरणे हे त्याहून पुष्कळ अधिक कामाचे.

खरा लाभ कोंबडीचा. ब्रॉयलर व अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात निम्म्याहून अधिक भाग मक्याचा असतो. मोठा खाद्य-कारखानदार म्हणेल की, लायसिनची पिशवी व फायटेट फोडणारे पाचक द्रव्य बाजारात मिळते, मग मला सुधारित मका कशास हवा? त्याच्या दृष्टीने हे खरे आहे, आणि सुधारित मक्याला या पिशवीच्या किमतीशी स्पर्धा करावी लागणार हे ओळखून असावे. पण परसात दहा-वीस कोंबड्या पाळणारी आमची भगिनी ही पिशवी आणीत नाही. ती मूठभर मका वा ज्वारी अंगणात फेकते. तिच्या कोंबडीस जो कस मिळावयाचा तो दाण्यातूनच मिळेल. शिवाय मका ज्या घरात भाकरीच्या रूपाने मुलांच्या पोटात जातो, तेथे हा कस माणसाच्याही उपयोगी पडतो. आमच्या मते या संशोधनाचे समर्थन करावयाचे असेल तर ते या अंगणाकडे बोट दाखवून करावे.

यापुढील अडचण शेजाऱ्याची आहे. मक्याचे परागीकरण वाऱ्याने होते, आणि अप्रभावी गुणाच्या कणसावर शेजारच्या साध्या मक्याचे पराग पडले तर त्याच हंगामातील दाणा साधा निपजतो. बियाणे उत्तम, मशागत उत्तम, आणि कणसात निम्मे दाणे बिनकसाचे, असे होऊ शकते. संकरित मक्याच्या बीजोत्पादनात त्यासाठीच २०० मीटरचे अंतर राखावे लागते. आपल्याकडे गुंठ्या-गुंठ्यांत वाटलेल्या रानात एकट्या शेतकऱ्याने एवढे अंतर आणावयाचे कोठून? तेव्हा असा मका पेरावयाचा तर सबंध शिवाराने किंवा निदान एका पाणंदीच्या दोन्ही अंगांनी, एकाच वाणाचा पेरला पाहिजे. पाणीपुरवठा संस्था चालविणाऱ्या या जिल्ह्यास हे अशक्य नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे काम येथे आहे. बियाण्याची पिशवी पोहोचविणे हे त्यामानाने सोपे.

परंतु सबंध शिवार एकविचाराने पेरील ते कशासाठी? येथे पुन्हा आपण व्यापाऱ्याच्या त्या दोन प्रश्नांपाशी येतो. दाण्याच्या कसास वेगळा भाव नसेल, तर कोणताही शहाणा शेतकरी तो वाण एका हंगामापलीकडे ठेवणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, त्यानंतर इथेनॉलसाठी मक्याची मागणी फार वाढली. त्या गिऱ्हाइकास हवा असतो तो पिष्ट. लायसिनशी त्याचे काही देणेघेणे नाही. अशा ओढाताणीत कसाचा मका मागे पडणार हे उघड आहे. दुधाचे उदाहरण मात्र आपल्यासमोर आहे. फॅट व एस.एन.एफ. मोजून पैसे मिळू लागले, तेव्हापासून फॅटचा विचार न करणारा दूध उत्पादक राहिला नाही. ओलीबरोबर प्रथिनेही क्षणात सांगणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. लायसिन व फायटेट तशा सहजतेने मोजता येत नाहीत, म्हणून वाणाची खात्री व शिवाराची नोंद यांवरच विसंबावे लागेल. सहकारी संघांनी व कुक्कुट-खाद्य तयार करणाऱ्यांनी ठराविक गावांशी आगाऊ करार करून असा मका वेगळा घ्यावा व वेगळा साठवावा. हा करार झाल्याखेरीज कोणत्याही कार्यकर्त्याने शेतकऱ्यास कसाच्या मक्याचा आग्रह करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९७१ ची पुनरावृत्ती शेतकऱ्याच्या खर्चाने होता कामा नये.

संपादित वाणांस विरोध करणारे लोकही आहेत. त्यांचे सर्वच म्हणणे आम्हांस पटत नाही, पण दोन मुद्दे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. चाचण्यांची आकडेवारी सर्वांस पाहावयास मिळावी, हा एक. कात्री नको त्या जागीही चालली का, हे तपासून सांगणे कठीण नाही, आणि सांगितल्याने विश्वास वाढतो. दुसरा मुद्दा मालकीचा. या कात्रीवर परदेशांतील संस्थांची व कंपन्यांची पेटंटे आहेत. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ यान्वये शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क आहे. परंतु संकरित मक्यात राखलेल्या बियांपासून तोच वाण मिळत नाही, त्यामुळे तो हक्क तेथे कागदावर राहतो. म्हणून संशोधन संस्थांनी संकराबरोबरच ‘पंचगंगा’, ‘करवीर’ यांसारखे, बी राखता येईल असे संमिश्र वाणही या कामासाठी निवडावेत.

राहिली ती आजची गोष्ट. खरिपाचा मका सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. ओले कणीस ढिगात राहिले की बुरशी धरते, आणि त्या बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. हे विष म्हशीच्या पोटातील सूक्ष्म जीव पुरते मोडू शकत नाहीत. त्याचा अंश दुधात उतरतो. दुधातील या अंशाची कायदेशीर मर्यादा किलोस ०.५ मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. इथेनॉलच्या कारखान्यातून उरणारा मक्याचा चोथा पशुखाद्यात येतो, त्यात तर मूळ दाण्यातील हे विष सुमारे तिपटीने दाट झालेले असते. यावर आज हाताशी असलेला उपाय कात्रीचा नाही. कणसे सोलून ताडपत्रीवर पातळ पसरावी, उन्हाची उघडीप साधावी, दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत, म्हणजे ओल शेकडा १२ पर्यंत उतरेतो वाळवावा, आणि काळे-हिरवे डाग पडलेली कणसे जनावरासही घालू नयेत. गावात एखादी संस्था सामायिक वाळवणी यंत्र घेऊ शकत असेल तर या हंगामापूर्वी तिच्या सभेत विषय ठेवावा. आणि शेंडा पार्कच्या शिवार फेरीस जाल तेव्हा तेथील शास्त्रज्ञांना विचारावे की, कसाच्या मक्याचे दाणे गोदामात सहा महिन्यांनी कसे दिसतात.